रमाबाईंच्या 'आठवणीं'चा न लिहिलेला उत्तरार्ध

कै. रमाबाई रानडे यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें, आणि तेव्हांपासून महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत तें आदरानें वाचलें गेलें आहे. त्याची घरगुती, सरळ भाषा आणि मन भरून यावें अशा जागींहि न सुटणारा संयम यांची वाखाणणी पुष्कळांनीं केली आहे. तिची उजळणी करण्याचा आमचा हेतु नाहीं. या पुस्तकानें वाचकांच्या मनावर एक समजूत ठसविली आहे, ती कितपत खरी, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

ती समजूत अशी कीं, स्त्रीला हात देऊन वर घेतो तो पुरुष, आणि तिचा पाय मागें ओढते ती स्त्री. पुस्तकांत तसा पुरावा भरपूर आहे. १८७३ सालीं अकरा वर्षांची मुलगी रानड्यांच्या घरीं आली आणि माधवरावांनीं तिच्या हातीं पाटी दिली. पण दिवसाचा बहुतेक वेळ जाई तो सासूबाई, नणंद आणि घरांतील इतर वडीलधाऱ्या स्त्रियांच्या सहवासांत. आणि तेथें वाचणें म्हणजे अपराध ठरे. पुढें हिराबागेंतील सभेंत गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांसमोर, मुलींसाठीं हायस्कूल हवें असें इंग्रजी निवेदन वाचून रमाबाई घरीं परतल्या, तेव्हां शाबासकीऐवजीं त्यांच्या वांट्यास टोमणे व अबोला आला. 'बाईच बाईची वैरीण' ही म्हण पाठ असलेल्या वाचकास याहून अधिक काय हवें?

चित्र खोटें नाहीं. तें अपुरें आहे. नणंद दुर्गाक्का यांचाच विचार करावा. लहान वयांत आलेलें वैधव्य, पुनर्विवाहाची गोष्टहि नको असें वातावरण, आणि घरांत उरलेला अधिकार एकच, सोंवळ्याओंवळ्याचा. ज्या सुधारणेनें भावजयीच्या हातीं पुस्तक दिलें, तिनें नणंदेच्या पदरांत काय घातलें होतें? आपल्यापाशीं असलेली एकुलती एक सत्ता जो जपतो त्याला दुष्ट म्हणणें सोपें आहे. पण दोष व्यक्तीचा थोडा आणि व्यवस्थेचा फार होता. रमाबाईंनीं हा उलगडा केला नाहीं, तरी दुर्गाक्कांविषयीं त्यांच्या लेखणींतून विष उतरलें नाहीं, हें त्यांच्या मनाच्या मोठेपणाचें गमक होय.

आतां पुस्तकाच्या कडेकडेनें उभ्या असलेल्या स्त्रिया पाहा. इंग्रजी शिकविण्यास येणाऱ्या मिस् हरफर्ड ह्या स्त्रीच होत्या. १८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज निघाला. तेथें जाण्यासाठीं रमाबाईंनीं घरचा रोष पत्करला. चार स्त्रियांनीं ठरलेल्या दिवशीं एकत्र बसावें, एकीनें वाचावें व इतरांनीं ऐकावें, ही गोष्ट आज क्षुल्लक वाटते. परंतु सभेंत बोलण्याची भीड मोडली ती अशाच ठिकाणीं. पतीनें विद्या दिली हें खरें. ती विद्या चारचौघींत वापरण्याचें धैर्य मैत्रिणींनीं दिलें.

खानदेशांतील वाचकांस धुळ्याची हकीकत विशेष जवळची वाटेल. १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचा गवगवा होऊन पुण्यांत बुधवारवाडा जळाला, तेव्हां सरकारचा संशय माधवरावांवरहि गेला. त्यांची बदली धुळ्यास झाली व त्यांच्या टपालावर नजर ठेवली गेली. एका तरुण स्त्रीनें सार्वजनिक कार्याची किंमत काय असते हें येथें जवळून पाहिलें. पुढें संस्था चालवितांना लागणारी सबूरी पुस्तकांतून शिकतां येत नाहीं. ती अशा दिवसांतच अंगीं बाणते.

असें असूनहि 'आठवणीं'त मैत्रिणींना जागा थोडी कां? याचें उत्तर पुस्तकाच्या नांवांतच आहे. 'आमच्या' म्हणजे दोघांच्या. आणि १९०१ सालीं माधवरावांचें देहावसान झालें तेथें पुस्तक संपतें. पुढचीं तेवीस वर्षें त्यांत नाहींत. १९०४ सालीं मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेचें अध्यक्षपद, १९०९ मधील पुणें सेवासदनाची स्थापना, पुण्यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणांतून मुलींस वगळूं नये म्हणून केलेली चळवळ, यांतलें कांहीं रमाबाईंच्या हातून लिहिलें गेलें नाहीं. ज्या स्त्रीनें मागें पाहिलें तर पतीचें ऋण सांगितलें, तिनें पुढें पाहून जें उभें केलें तें दुसऱ्यांनीं सांगावें लागलें. आमच्या मतें या पुस्तकाची सर्वांत मोठी उणीव हीच.

सेवासदनाचें महत्त्व शिवणकामाच्या वर्गांपुरतें नव्हतें. गोपाळ कृष्ण देवधरांच्या साह्यानें रमाबाईंनीं विधवा मुलींस ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण घेण्यास धाडलें. ताप मोजणें, हत्यारें निर्जंतुक करणें, औषधाचें प्रमाण सांभाळणें, हें त्या काळचें यंत्रशास्त्रच होतें. आणि तें हातीं येतांच परावलंबी बाई पगारदार झाली. सहानुभूति आणि साह्य यांतील भेद येथें स्पष्ट दिसतो. सहानुभूति डोळे पुसते. साह्य शिक्षण, राहण्याची जागा आणि नोकरी देतें.

स्त्रीनें स्त्रीचें ऋण लिहून ठेवण्याचा दाखला मराठींत नाहीं असेंहि नाहीं. १८८९ सालीं काशीबाई कानिटकरांनीं डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र लिहिलें. तें वाचतां पतीच्या हट्टामागें उभी असलेली दुसरी मालिका दिसते. रोसेलच्या कार्पेंटरबाईंनीं न पाहिलेल्या मुलीस पत्र लिहिलें व पुढें तिला आपल्या घरीं ठेवून घेतलें. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनीं तिला आधार दिला. ११ मार्च १८८६ च्या पदवीदानास पंडिता रमाबाई हजर होत्या, आणि त्यांच्याच ग्रंथास दुसऱ्या वर्षीं बॉडलीबाईंनीं प्रस्तावना लिहिली. एकीचा हात सुटण्यापूर्वीं दुसरीचा पुढें आलेला दिसतो.

लिहून ठेवणारी कोणी नसेल तर काय होतें, हें जळगांवच्या बहिणाबाई चौधरींच्या उदाहरणानें कळतें. त्यांस अक्षरओळख नव्हती. गाणीं वाचलीं तीं चिरंजीव सोपानदेव व एका आप्तानें टिपून घेतल्यामुळें, आणि पुस्तक निघालें १९५२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर. जात्यावर शेजारीं बसून तीं प्रथम ऐकणाऱ्या बायकांचीं नांवें कोठेंहि नाहींत. आज त्यांच्या नांवाचें विद्यापीठ जळगांवास आहे.

याच जळगांवांतून १९६२ सालीं प्रतिभाताई पाटील विधानसभेंत गेल्या व २००७ सालीं राष्ट्रपति झाल्या. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठीं मुंबई व दिल्ली येथें वसतिगृहें, आणि जळगांवाजवळ बांभोरी येथें अभियांत्रिकी महाविद्यालय, हीं त्यांच्या पुढाकारानें उभीं राहिलीं. परक्या शहरांत पहिल्या नोकरीस जाणाऱ्या मुलीस सुरक्षित खोली मिळणें म्हणजे काय, हें तिच्या आईबापांस विचारावें. मात्र स्त्रियांनीं स्त्रियांसाठीं काढली एवढ्यानेंच संस्था तगत नाहीं. जळगांवच्याच प्रतिभा महिला सहकारी बँकेचा परवाना २००३ सालीं रिझर्व्ह बँकेनें रद्द केला. मायेस चोख हिशेबाची जोड हवी, हा धडाहि त्याच गांवचा.

आज धुळें-जळगांवच्या मुली यंत्रशास्त्र व संगणकशास्त्र शिकून कचेऱ्यांत व कारखान्यांत अधिकाराच्या जागीं बसत आहेत. त्यांच्या सत्कारसमारंभांत वडिलांचे आणि पतीचे आभार मानले जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या वरिष्ठ बाईनें बढतीच्या वेळीं नांव सुचविलें, ज्या मैत्रिणीनें रात्र जागून अडलेलें गणित सोडवून दिलें, ज्या जाऊबाईनें परीक्षेच्या दिवसांत मूल सांभाळलें, त्यांचा उल्लेख अजूनहि विरळा. तो नसेल तर पुढच्या पिढीसहि 'वैरीण' तेवढी आठवेल. रमाबाईंच्या पुस्तकाचा उत्तरार्ध रमाबाईंनीं लिहिला नाहीं; तो लिहिण्याचें काम या मुलींकडे आलें आहे. त्यांनीं तो नांवनिशींवार लिहावा.