उंची घटली, ऐट राहिली

तालुक्याच्या गावी पंचायत समितीच्या आवारात डोकावलं, तर एखादी स्कॉर्पिओ उभी दिसतेच. बहुतेक वेळा पांढरी, काचा काळसर, मागच्या काचेवर कुलदैवताचं नाव. ती आवारात शिरली की गाडी कोणती हे कुणी विचारत नाही. विचारतात, "कोण आलंय?" अशी ओळख कमावलेल्या गाडीला नवं रूप देणं फार अवघड काम असतं. फार बदललं तर जुनं गिऱ्हाईक तोंड फिरवतं, काहीच बदललं नाही तर नवं येत नाही. 27 जून 2022 रोजी महिंद्राने स्कॉर्पिओ-एन बाजारात आणली, तेव्हा हाच पेच तिच्यासमोर होता. तो तिने कसा सोडवला, हे गाडीच्या पत्र्यात, सीटवर आणि चाकांखाली वाचता येतं.

वाचायला सुरुवात मापांपासून करावी, कारण या गाडीचा खरा आशय तिथेच आहे. जुनी स्कॉर्पिओ 4456 मिलिमीटर लांब, 1820 रुंद आणि 1995 उंच. नवी 4662 लांब, 1917 रुंद आणि 1857 उंच. म्हणजे लांबी वीस सेंटिमीटरने वाढली, रुंदी जवळजवळ दहाने, आणि उंची मात्र चांगली चौदा सेंटिमीटरने उतरली. स्कॉर्पिओचा सगळा तोरा उंचीत आहे असं आपण धरून चाललो होतो. घडवणाऱ्यांनी नेमकी उंचीच कापली आणि तरीही गाडी समोर उभी राहिली की मोठीच वाटते. बॉनेट जवळजवळ सपाट ठेवलं, नाक सरळ उभं ठेवलं, चाकांवरच्या कमानी फुगवल्या. डोळ्यांना उंचीचा भास द्यायला एवढं पुरतं, आणि वजन जमिनीजवळ आल्याचा फायदा वळणावर मिळतो.

बाजूने पाहताना एक रेषा सोडू नये. पुढच्या दारापासून काचांच्या कडेने एक क्रोमची पट्टी निघते, सरळ मागे जाते आणि शेवटच्या काचेपाशी एकदम वर उसळते, नांगी उगारल्यासारखी. नावाशी जोडलेली ही खूण मागच्या कोपऱ्यात आहे. एरवी अशा ठिकाणी कंपन्यांना मोह आवरत नाही आणि चिन्हांची नुसती खैरात होते. इथे हात आखडता घेतला आहे. मागचे उभे दिवे आणि डिकीचा बाजूला उघडणारा दरवाजा, या जुन्या घराण्याच्या खुणाही शाबूत आहेत.

आत चढायला पुढच्या खांबावर पकडायची मूठ दिली आहे. ती धरून वर गेलं की स्कॉर्पिओची मुख्य चैन हाती लागते: बॉनेटची दोन्ही टोकं दिसतात, समोरच्या रिक्षाचं टप दिसतं, रस्ता आपल्या अखत्यारीत आल्यासारखा वाटतो. डॅशबोर्डवर पडदा आहेच, पण एसीला बटणं आहेत आणि हँडब्रेक हाताने ओढायचा आहे. काटे असलेले खरे मीटरही ठेवले आहेत. आजच्या काळात हे जुनाट वाटेल. पण घाटात चढावर गाडी थांबवून पुन्हा काढताना हाताशी ओढायचा ब्रेक असला की ड्रायव्हरला जो धीर येतो, तो बटणाने येत नाही.

ही गाडी चाकणला बनते आणि पहिली स्कॉर्पिओ 2002 साली नाशिकमध्ये बनायला लागली. त्यामुळे टेस्ट ड्राइव्हला पुणे-नाशिक रस्ता धरणं हे ओघानेच आलं. चाकणच्या चौकातली ट्रकांची दाटी, पुढे मंचर, नारायणगाव, मग आळेफाट्याला डावीकडे वळून ओतूरमार्गे माळशेजकडे. या एका वाटेवर गाडीची सगळी परीक्षा होते. हमरस्त्याचा गुळगुळीत पट्टा आहे, गावागावाचे आडदांड स्पीडब्रेकर आहेत, उसाच्या ट्रॉल्यांनी खचवलेल्या कडा आहेत आणि शेवटी घाटाची वळणं.

जुनी स्कॉर्पिओ अशा वळणावर भरल्या घागरीसारखी डचमळायची. मागे बसलेले एकमेकांच्या अंगावर जायचे आणि त्याचंही एक हसू व्हायचं. नवी तशी डुलत नाही. थोडी कलते, सावरते आणि पुढच्या वळणाला तयार असते. हे कसं साधलं, ते कळायला गाडीखाली वाकून पाहावं लागतं.

मुळात इथे एक हट्ट धरलेला आहे. 2022 पर्यंत या आकाराच्या बहुतेक गाड्यांनी स्वतंत्र चॅसी सोडून दिली होती. महिंद्राचीच 2021 ची एक्सयूव्ही 700 एकसंध बांधणीची आहे. स्कॉर्पिओ-एनने मात्र लॅडर फ्रेम ठेवली: दोन लांब पोलादी तुळया, त्यांना सांधणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि त्यावर बसवलेली बॉडी. खडबडीत रस्त्यावर ही बांधणी मार खाते, पण मोडत नाही. तिची किंमत चुकवावी लागते ती आरामात. मागचा ॲक्सल एकसंध, जड. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही ते जाणवतं. शिवाय हा ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून त्याला बांधून ठेवावं लागतं. पुष्कळ गाड्यांत हे काम एकच आडवी दांडी करते. तिचं एक टोक फ्रेमला आणि दुसरं ॲक्सलला. चाकं वर-खाली झाली की दांडीचं टोक कंसात फिरतं आणि ॲक्सल थोडासा बाजूला ओढला जातो. मागच्या सीटवर जो आडवा हिसका बसतो, त्याचं एक कारण हे.

स्कॉर्पिओ-एनमध्ये त्या जागी वॉट लिंकेज आहे. दोन बाजूंनी दोन आडव्या दांड्या येतात आणि मधल्या एका फिरत्या तुकड्याला मिळतात. एक दांडी ॲक्सलला डावीकडे ओढू पाहते तेव्हा दुसरी उजवीकडे, आणि या ओढाताणीत ॲक्सल जवळजवळ सरळ रेषेत वर-खाली होतो. ही युक्ती जेम्स वॉटची. वाफेच्या इंजिनात दट्ट्याची दांडी सरळ चालावी म्हणून 1784 साली त्याने तिचं पेटंट घेतलं, आणि आपल्या यांत्रिक शोधांत त्याला सगळ्यात जास्त अभिमान याच शोधाचा होता. सव्वादोनशे वर्षांहून जुनी ही कल्पना माळशेजच्या वाटेवर मागच्या सीटवरच्या माणसाची पाठ सांभाळते. या गाडीतला मला सर्वांत सुंदर वाटलेला भाग हाच, आणि तो शोरूममध्ये उभ्या उभ्या कुणालाच दिसत नाही.

शॉकॲब्झॉर्बरही असेच अबोल हुशार आहेत. रस्ता बारीक बारीक खरबडलेला असेल तर आतली एक झडप तेलाला वाट मोकळी करून देते आणि शॉक नरम पडतो. वळणावर किंवा मोठ्या उंचवट्यावर बॉडी हळू पण जोरात हलू लागली की तोच कडक होतो. यात कॉम्प्युटर नाही, सगळं काम तेलाच्या दाबावर. ओतूरच्या पुढे उखडलेल्या कडेवर चाक उतरलं तेव्हा खालून आवाज आला, धक्का आला नाही. हलक्या गाडीत अशी जागा पाहून पाय आपोआप ब्रेकवर जातो. इथे तो जात नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात. 2002 च्या स्कॉर्पिओत 2.6 लिटरचं डिझेल इंजिन 109 हॉर्सपॉवर देत होतं. आता 2.2 लिटरचं डिझेल वरच्या मॉडेलांत 172 च्या आसपास देतं, आणि दोन लिटरचं टर्बो पेट्रोल दोनशेच्या घरात. घाटात तिसऱ्या गिअरवर डिझेल ज्या सहजतेने ओढतं, त्यात गुरगुर आहे, धाप नाही. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला मागे टाकायचं असेल तर समोरचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत थांबावं. पिकअपची वाट पाहावी लागत नाही.

रसग्रहण म्हणजे डोळे मिटून केलेली स्तुती नव्हे, म्हणून उणीही सांगायला हवीत. जुन्या गाडीच्या काही मॉडेलांत मागे समोरासमोर आडव्या सीटा होत्या. नवीत तिसरी रांग पुढे तोंड करून आहे. ते सभ्य आणि सुरक्षित झालं, पण तिथे मोठ्या माणसाने गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्नच आहे. ती रांग उभी असेल तर डिकीत दोन पिशव्यांपलीकडे फारसं काही मावत नाही. सहा-सात माणसं आणि त्यांचं लग्नघरचं सामान असा बेत असेल, तर टपावर कॅरिअर आलंच.

सुरक्षिततेचा हिशेब जास्त बोलका आहे. 2016 साली ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली जुनी स्कॉर्पिओ धडकवली तेव्हा तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नव्हता. डिसेंबर 2022 मध्ये स्कॉर्पिओ-एनला त्याच संस्थेने पाच तारे दिले. मुलांच्या सुरक्षेसाठी मात्र तीनच. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ॲनकॅपने तिला शून्य दिलं. तिथल्या कसोटीत धडक टाळण्यासाठी आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेला मोठं वजन असतं, आणि तपासलेल्या गाडीत ती नव्हती. दोन्ही निकाल खरे आहेत. गाडी घेणाऱ्याने दोन्ही वाचावेत.

30 जुलै 2022 ला बुकिंग उघडलं तेव्हा अर्ध्या तासात एक लाखाचा आकडा पार झाल्याचं कंपनीने जाहीर केलं. तरी महिंद्राने जुनी गाडी बंद केली नाही. 'क्लासिक' या नावाने ती विकणं चालू ठेवलं. म्हणजे नवीने जुनीची जागा हिसकावलेली नाही, तिला शेजारी उभं राहून स्वतःला सिद्ध करावं लागलं. माझ्या मते ती त्यात उतरली आहे. चॅसी, बैठक आणि दरारा ठेवला. डुलणं, हिसके आणि जादा उंची काढून टाकली. नव्या आवृत्तीत काय खोडायचं हे ज्याला कळतं, त्याचंच काम असं दिसतं.

तेव्हा टेस्ट ड्राइव्हला जाल तर शोरूमच्या माणसाने आखलेल्या डांबरी फेरीवर समाधान मानू नका. गावाबाहेरचा खचलेला रस्ता मागून घ्या, चार वळणं घ्या, आणि अर्धा वेळ स्टेअरिंग दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः मागे बसा. ही गाडी पुढून रुबाबदार दिसते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती चांगली का आहे, ते मागच्या सीटवर कळतं.