जॉइंट अकाउंट

दोन माणसांनी एकत्र यायचं ठरवलं की तिसऱ्याच्या अपेक्षा वाढतात. नवराबायको जॉइंट अकाउंट उघडायला काउंटरवर येतात, आणि सह्या वाळायच्या आत त्यांचा मुलगा मोटारसायकलच्या कर्जाची चौकशी करतो. शिल्लक तीच, पाचशे अधिक पाचशे. पण दोन नावं एका पासबुकावर आली, की बघणाऱ्याला बेरजेऐवजी गुणाकार दिसू लागतो.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या अशा जॉइंट अकाउंटला साहेबाच्या देशात 'सुपरग्रुप' म्हणतात. 1969 साली एरिक क्लॅप्टन, स्टीव्ह विनवूड, जिंजर बेकर आणि रिक ग्रेच हे आपापल्या ठिकाणी नाव काढलेले चौघे एकत्र आले. मंडळाचं नाव 'ब्लाइंड फेथ'. म्हणजे आंधळा विश्वास! बँकेत याला विनातारण कर्ज म्हणतात. जूनमध्ये लंडनच्या हाइड पार्कात पहिला कार्यक्रम, ऑगस्टमध्ये पहिली तबकडी, तीत गाणी सहा. तबकडी इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. पण अमेरिकेच्या दौऱ्यात लोकांना हवी होती क्लॅप्टन-बेकरच्या आधीच्या मंडळाची जुनी गाणी. वर्ष संपायच्या आत खातं बंद.

आपण त्यांना हसायचं कारण नाही. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोघांच्या नाटक मंडळ्या वेगळ्या, आणि भक्तांच्या छावण्या त्याहून वेगळ्या. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबरला, केशवराव गेले. त्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण नाही. त्यामुळे त्या रात्री कोण सरस ठरलं, हा वाद शंभर वर्षं बिनधोक चालू आहे.

ध्वनिमुद्रण असलं म्हणजे वाद मिटतो असंही नाही. 1985 च्या सुमारास 'राम श्याम गुणगान' हा भजनांचा संच आला. शब्द पंडित नरेंद्र शर्मा, संगीत श्रीनिवास खळे, गायक लता मंगेशकर आणि पंडित भीमसेन जोशी. माझ्या मते मराठी माणसाचा खरा सुपरग्रुप हाच. भजनं हिंदी आहेत, हे आमच्याकडे फारसं कोणी मनावर घेत नाही.

आमचे कॅशियर लताबाईंच्या बाजूचे. खालापूरचे एक निवृत्त मास्तर दर महिन्याला पेन्शनसाठी येतात, ते भीमसेनांच्या. संच दोघांच्याही मोबाइलमध्ये आहे.

"पंडितजींना गाऊच दिलं नाही हो!" मास्तर स्लिप भरता भरता म्हणतात. "ताना कुठायत? हात बांधून बसवलंय माणसाला."

"मास्तर, बांधलंय ते आमच्या दीदींना," कॅशियर नोटा मोजता मोजता म्हणतात. "समोर एवढा मोठा आवाज, मग बाईंनी करायचं काय?"

दोन्ही खातेदार सारखेच नाराज असले की हिशेब बरोबर आहे असं समजावं. खळ्यांचा ताळेबंद इथे चोख जुळलाय.

मुळात दोघांची वाट चुकते ती डबलबारीमुळे. कोकणपट्टीत दोन बुवा समोरासमोर बसवून भजन ऐकायची आपल्याला सवय. एकाने टाकलेला डाव दुसऱ्याने परतवायचा, आणि आपण पहाटेपर्यंत गुण मोजायचे. त्यात गंमत आहे, मीही मोजलेत. पण या संचात समोरासमोर कोणी बसलेलंच नाही, दोघांची तोंडं देवाकडे आहेत. 'बाजे रे मुरलिया बाजे' ऐका. एकाने ओळ जिथे ठेवली, तिथूनच दुसरा ती अलगद उचलतो. तास तास एक ख्याल मांडणारा माणूस इथे दोन शब्दांत आटोपतं घेतो, तरी घाईत आहे असं वाटत नाही. आणि तीन-साडेतीन मिनिटांत गाणं पुरं करायची जन्मभर सवय असलेली बाई इथे स्वरावर निवांत थांबते. दोघंही आपापल्या घरची पद्धत सोडून अर्ध्या वाटेवर आले आहेत.

ही अर्धी वाट आखणं सोपं नव्हतं. पुरुषाची पट्टी बाईला सोयीची नसते, आणि बाईची पुरुषाला. एकाला मोकळं ठेवावं तर दुसऱ्याचा गळा ताणतो. आमच्या कर्जतकरांना हे चटकन कळेल. बोरघाट चढायला गाडीला इथे मागून जादा इंजिनं जोडतात. रेल्वेत त्यांना 'बँकर' म्हणतात, त्यामुळे मला उगीचच अभिमान वाटतो. चढ कसला, तर सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. पुढच्याने ओढायचं आणि मागच्याने रेटायचं, पण अंदाजाने. मागच्याने पराक्रम दाखवायचं ठरवलं, तर मधल्या डब्यांचे हाल. खळ्यांनी आधी डबे सांभाळले. 'अभंग तुकयाचे' करताना लताबाईंचा गळा त्यांना पाठ झालेला होताच, आणि भीमसेनांची संतवाणी तर महाराष्ट्राच्या घराघरांत होती. तेव्हा ताकद कोणाची किती हे त्यांना ठाऊक होतं. ती किती वापरायची नाही, हे त्यांनी ठरवलं.

तक्रार करायचीच तर माझी वेगळी आहे. संचात दोघांची स्वतंत्र भजनंही आहेत. गाणी उत्तमच, पण ती लागली की पासबुकं पुन्हा वेगळी होतात. मास्तर आणि कॅशियर नेमके तिथे खुलतात, कारण तिथे जे अपेक्षेप्रमाणे हवं ते मिळतं. मला तिथे मन लागायला वेळ लागतो. एकत्र भजनं आणखी दोन असती तर काय बिघडलं असतं?

मी हा संच कर्जत-खोपोली लोकलमध्ये ऐकतो. पंधरा किलोमीटरची लाइन, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. एवढ्यात अख्खा संच बसत नाही. स्वतंत्र भजनं वगळली की 'राम का गुण गान करिये' पळसदरीच्या आत रंगात येतं, आणि मुरलिया डोलवलीच्या आसपास. परतीच्या गाडीला गर्दी असते, पण तेव्हाही मी तीच दोन पुन्हा लावतो.