सेजमधील तीन द्वारे : परवाना आणि त्रुटिमर्यादा

मुक्तस्रोत गणिती सॉफ्टवेअरमध्ये सेज या प्रणालीचे स्थान वेगळे आहे. २००५ साली विल्यम स्टाइन यांनी ती आरंभिली, ती मुख्यत्वे मॅक्सिमा, गॅप, पारी, सिंग्युलर अशी स्वतंत्रपणे वाढलेली साधने पायथन भाषेच्या एका सूत्रात ओवण्यासाठी. अशा जोडकामाची चर्चा बहुधा परवान्यांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. सिम्युलेशनच्या साधनांपुरते पाहिले तर ही मर्यादा अभ्यासकास महाग पडू शकते.

परवान्यांची बाजू सेजने नेटकेपणाने सांभाळली आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सेजचा स्वतःचा संकेत जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सच्या 'दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या' आवृत्तीखाली आहे. जीएनयू सायंटिफिक लायब्ररी मात्र तिसऱ्या आवृत्तीखाली येते. केवळ दुसऱ्या आवृत्तीस बांधलेला संकेत तिसरीशी एकत्र करता येत नाही. 'किंवा त्यानंतरच्या' या दोन शब्दांनीच हा संयोग वैध होतो, आणि एकत्रित वितरण तिसऱ्या आवृत्तीच्या अटींवर करावे लागते. सायपायचा बीएसडी परवाना याहून सैल आहे. स्वामित्वाची सूचना आणि हमी नाकारणारा मजकूर कायम ठेविला की तो संकेत बंदिस्त विक्रेय प्रणालीतही घालता येतो.

एवढी दक्षता घेतल्यावर साधनांच्या संख्यात्मक वर्तनाबाबतही तितकीच दक्षता अपेक्षित होती. येथे निराशा होते. सामान्य अवकल समीकरण संख्यात्मक रीतीने सोडविण्यास सेजमध्ये निदान तीन द्वारे आहेत. 'डीसॉल्व्ह_आरके४' हे मॅक्सिमाकडे नेते. 'ओडीई_सॉल्व्हर' जीएनयू लायब्ररीकडे. 'डीसॉल्व्ह_ओडीईइंट' सायपायमार्गे एलसोडा या, लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेशी निगडित असलेल्या जुन्या व भरवशाच्या पद्धतीकडे. पहिल्याची पायरी स्थिर असून काही न सांगितल्यास ती ०.१ धरली जाते. त्रुटीचा अंदाज तेथे घेतलाच जात नाही. दुसऱ्याची मूळ त्रुटिमर्यादा दहा अब्जांत एक, तिसऱ्याची एक अब्जात सुमारे १५. यांची नावे जवळजवळ सारखी आणि प्रश्न मांडण्याची रीतही बरीचशी जुळती असल्यामुळे तिन्ही एकाच शास्त्राचे पर्याय भासतात.

ते तसे नाहीत, हे एका साध्या उदाहरणाने दिसते. एखादी राशी स्वतःच्या ३० पट वेगाने क्षय पावते आणि तिचे आरंभीचे मूल्य १ आहे असे समजा. ०.१ एवढ्या काळात तिचे खरे मूल्य सुमारे ०.०५ पट होते. चतुर्थ क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत त्याच पायरीने तिला १.३७५ ने गुणते. दहा पायऱ्यांनंतर, म्हणजे काळ १ झाला असता, पहिले द्वार सुमारे २४ हे मूल्य दाखविते. खरे मूल्य एकाच्या दशअब्जांशाहूनही पुष्कळ लहान असते. क्षय पावणारी राशी वाढत जाते आणि तरीही कोणतीही सूचना उमटत नाही. उरलेली दोन द्वारे आपली पायरी स्वतःच लहान करतात, म्हणून हा प्रसंग तेथे येत नाही. पद्धत शिकविण्याकरिता पहिले द्वार उत्तम आहे. प्रबंधातील आलेखाकरिता ते धोक्याचे आहे.

सेजच्या बाजूने असे म्हणता येईल की मूळ मूल्ये दस्तऐवजात दिली आहेत आणि संकेत सर्वांस खुला आहे. ते खरे. तथापि परवान्याने मिळतो तो संकेत तपासण्याचा अधिकार. उत्तराच्या अचूकतेची हमी तोच परवाना स्पष्ट शब्दांत नाकारतो. गणनेत कोणकोणत्या घटक-प्रणाली वापरल्या गेल्या हे सांगणारे 'गेट_सिस्टिम्स' नावाचे एक साधन सेजमध्ये आहे. मूळ कर्त्यांना श्रेय देण्याच्या दृष्टीने ते स्तुत्य होय. (अशी सोय बंदिस्त प्रणालींत शोधूनही क्वचितच सापडेल.) परंतु त्यातून हाती येतात ती केवळ नावे, कोणती पद्धत, किती पायरी, कोणती त्रुटिमर्यादा, यांचा तेथे उल्लेख नसतो. स्वामित्वाची सूचना जशी संकेतासोबत प्रवास करते, तशी ही माहिती उत्तरासोबत येणे अवघड नव्हते. आज पहिले द्वार संशोधकाच्या हाती ठेविते ती काळ आणि मूल्य यांच्या जोड्यांची एक यादी, आणि तीत त्रुटीसाठी रकाना नाही.