यादीतील नाव कोणाच्या मालकीचे?

सोलापुरी चादरीवरील नक्षी जॅकार्ड मागावर उमटते ती भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांमुळे. आडवा धागा जाताना कोणते उभे धागे उचलायचे, हे त्या वेळचे कार्ड ठरवते. ही कार्डे दोरीने एकापुढे एक बांधून त्यांची माळ केलेली असते. मधले कार्ड फाटले तर तेवढेच सोडवून नवे बांधता येते. संगणकशास्त्रातील जोडयादी, म्हणजे लिंक्ड लिस्ट, समजावून देण्यास आम्हा सोलापूरकरांना दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही.

परंतु एका ठिकाणी हे उदाहरण अपुरे पडते. कार्डाची नक्षी कार्डावरच असते; कार्ड टाकले की तीही गेली. सी भाषेतील यादीच्या नोडमध्ये मात्र पुष्कळदा नाव नसतेच. ते नाव स्मृतीत कोठे ठेवले आहे त्याचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, असतो. मग नोड काढून टाकताना त्या नावाचे काय करायचे?

सीमध्ये मॅलॉक या फंक्शनने मागून घेतलेली स्मृती फ्री या फंक्शनने परत करावी लागते. परत न केल्यास स्मृतीची गळती होते. दोनदा परत केली, किंवा परत केल्यावरही वापरली, तर प्रोग्रॅम कोसळतो, नाही तर चुकीची उत्तरे देत चालू राहतो. परत करण्याची जबाबदारी ज्याची, तो त्या स्मृतीचा मालक, असे आपण म्हणू. हा मालक कोण, याची नोंद सी भाषा ठेवत नाही. ती यादीची फंक्शने लिहिणाऱ्याने ठेवायची असते. या दृष्टीने दोन नामवंत पुस्तके तपासून पाहण्यासारखी आहेत.

पहिले पुस्तक ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचे 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' (१९७८, दुसरी आवृत्ती १९८८). त्याच्या सहाव्या प्रकरणात नाव व त्याची व्याख्या साठवणारे 'इन्स्टॉल' नावाचे फंक्शन आहे. ते आलेल्या अक्षरमालेची स्वतःसाठी नवी प्रत करून घेते. त्याच नावाची नवी व्याख्या आली तर जुनी प्रत आधी परत करते. येथे मालकी स्पष्ट आहे. यादीतील प्रत यादीची, बोलावणाऱ्याची मूळ अक्षरमाला त्याची. शोध घेणारे 'लुकअप' मात्र यादीतल्याच नोडचा पत्ता देते. ती उसनी वस्तू आहे. घेणाऱ्याने ती पाहायची, फ्री करायची नाही.

तरीही दोन उणिवा राहतात. नोड मिळाला, पण नावाच्या प्रतीला स्मृती उरली नाही, तर इन्स्टॉल अपयश कळवून परतते आणि हाती आलेला नोड तसाच हरवतो. दुसरे असे, की नाव काढून टाकणारे फंक्शन वाचकासाठी स्वाध्याय म्हणून सोडले आहे. घेण्याचा धडा पुस्तकात आणि देण्याचा गृहपाठात, अशी ही वाटणी आहे.

दुसरे पुस्तक कर्निघन आणि रॉब पाइक यांचे 'द प्रॅक्टिस ऑफ प्रोग्रॅमिंग' (१९९९). येथील 'न्यूआयटम' प्रत करीत नाही. दिलेला पत्ताच नोडमध्ये ठेवते. सर्व यादी मोडणारे 'फ्रीऑल' फक्त नोड परत करते. नाव इतरत्र परत केले जाईल, अशी टीप तेथे आहे. त्या उदाहरणापुरते हे योग्यच आहे, कारण नावे प्रोग्रॅममध्येच अवतरणचिन्हांत लिहिलेली आहेत. ती मॅलॉकने आणलेली नाहीत, म्हणून त्यांना फ्री करणे हीच चूक ठरेल.

आमचा आक्षेप टिपेच्या जागेवर आहे. मालकीचा करार यादी मोडताना नव्हे, नाव यादीत घालताना होतो. विद्यार्थी ही फंक्शने उतरवून घेतो आणि वर्गाची हजेरी करू लागतो. एकाच अॅरेमध्ये नाव वाचायचे, न्यूआयटमला द्यायचे, पुन्हा त्याच अॅरेमध्ये पुढचे नाव वाचायचे. चाळीस मुलांची यादी छापली की चाळीसही ओळींत शेवटच्या मुलाचेच नाव येते! जोडणीत काहीच चुकलेले नसते. प्रत्येक नोड पुढच्याला नीट बांधलेला असतो, पण सर्वांच्या हाती पत्ता एकाच घराचा असतो.

आमच्या पाहण्यातल्या बहुतेक प्रात्यक्षिकवह्या जोडणीचीच परीक्षा घेतात. घाला, काढा, छापा, की गुण मिळाले. हा दोष वर्गापुरता राहत नाही. आपल्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षाविषयक त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या चुकीच्या हाताळणीतून येतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितले. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट भाषेत तर मालकीचे नियम भाषेतच घातले आहेत. ते मोडणारा प्रोग्रॅम कंपायलर स्वीकारत नाही.

सीमध्येही चांगली रचना अशक्य नाही. जीलिब या फंक्शनसंग्रहात यादी मोडण्याची दोन निरनिराळी फंक्शने आहेत. एक केवळ नोड परत करते. दुसऱ्याला आतील वस्तू कशी परत करायची ते सांगणारे फंक्शन सोबत द्यावे लागते. कोणते बोलावले यावरूनच वाचणाऱ्याला मालक कळतो.

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. यादीच्या प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर विद्यार्थ्याने तीन उत्तरे लिहावीत. आत आलेली वस्तू आता कोणाची? बाहेर दिलेली वस्तू मालकीने दिली की उसनी? मध्येच स्मृती संपली तर आतापर्यंत घेतलेले कोण परत करील? मग मॅलॉक व फ्री किती वेळा बोलावले गेले हे प्रोग्रॅमकडूनच मोजून घ्यावे. स्ट्रडुपसारखी फंक्शने आतल्या आत मॅलॉक करतात, तीही मोजणीत धरावीत. लिनक्स असल्यास व्हॅलग्रिंड हे साधन गळती दाखवून देते. मात्र आकडे जुळले म्हणजे सर्व ठीक, असेही नाही. हजेरीच्या उदाहरणात आकडे जुळूनही नावे चुकतात. म्हणून मोजणी शेवटी, आणि वरची तीन उत्तरे आधी. ती ज्याला लिहिता येत नाहीत, त्याची यादी पडद्यावर बरोबर दिसली तरी पूर्ण गुण देऊ नयेत.