‘स्कार्लेट लेटर’ आणि एका विद्यार्थिनीचा आक्षेप

नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन ग्रंथकाराची ‘स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी इ. स. १८५० मध्यें बोस्टन येथें प्रसिद्ध झाली. तिच्यावर आजवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं, शिरपुरास बसून इंग्रजी शिकविणाऱ्या आमच्यासारख्यानें त्यांत भर घालावी असें कांहीं प्रयोजन नव्हतें. परंतु गेल्या सत्रांत एका विद्यार्थिनीच्या निबंधानें हें पुस्तक आम्हांस पुन्हां पहिल्या पानापासून वाचावयास लाविलें, आणि पंचवीस वर्षें आम्ही जें शिकवीत आलों त्यांत केवढें भोंक होतें तें दाखविलें. तेवढ्यापुरतेंच हें लिहीत आहों.

ज्यांनीं कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठीं कथानक दोन शब्दांत सांगितलें पाहिजे. सतराव्या शतकाच्या मध्यास बोस्टन येथें प्यूरिटन पंथाच्या लोकांची वसाहत होती; धर्मशास्त्र तोच तेथील कायदा. हेस्टर प्रिन या तरुण स्त्रीस, पति दूरदेशीं असतां, मुलगी होते. व्यभिचाराची खूण म्हणून लाल कापडाचें एक अक्षर तिनें जन्मभर छातीवर वागवावें, अशी तिला शिक्षा होते. मुलीच्या बापाचें नांव ती मरेपर्यंत सांगणार नसते. तो बाप म्हणजे गांवाचा पूज्य धर्मोपदेशक डिम्सडेल.

हें पुस्तक शिकवितांना आमची एक ठरलेली वाट असे. हेस्टरच्या शेजारीं आम्ही आपल्याकडील विधवा आणून उभी करीत असूं. जोतीरावांनीं १८६३ मध्यें पुण्यांत काढलेलें बालहत्याप्रतिबंधक गृह. १८८१ मध्यें सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येबद्दल झालेली फांशीची व पुढें काळ्या पाण्यावर आलेली शिक्षा. आणि त्या निमित्तानें स्त्रीजातीवर उठलेल्या ओरडीस उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ मध्यें छापलेली ‘स्त्रीपुरुषतुलना’. ही तुलना खोटी नाहीं. आजहि आम्ही ती करूं. मुलें ती वहींत उतरून घेत, परीक्षेंत लिहीत, आणि आम्हांस वाटे कीं बोस्टन शिरपुरास आणून पोहोंचविलें.

ज्या विद्यार्थिनीचा हा निबंध, ती आग्रा रस्त्याच्या वरच्या अंगास, सातपुड्याच्या कुशींतील एका पाड्यावरून येते. घरची भाषा पावरी. मराठी दुसरी आणि इंग्रजी तिसरी. निबंध इंग्रजींत असल्यामुळें व्याकरणाच्या चुका पुष्कळ होत्या, व त्या लाल शाईनें दाखविण्यास आम्हीं आरंभहि केला होता. दुसऱ्या पानावर आम्ही थांबलों. हेस्टरविषयीं तिनें जेमतेम एक परिच्छेद लिहिला होता. उरलेलीं चार पानें हिबिन्सबाईवर होतीं.

ही हिबिन्सबाई कोण, हें कादंबरी वाचलेल्यांसहि चटकन् आठवणार नाहीं. ती गव्हर्नरची बहीण, तिरसट स्वभावाची म्हातारी विधवा. रात्रीं रानांत जाऊन ती सैतानास भेटते अशी गांवांत बोलवा आहे, आणि पुढें चेटकीण म्हणून ती फांशीं जाणार हें ग्रंथकार आरंभींच सांगून टाकतो. चार-पांच ठिकाणीं ती येते आणि जाते. तिचीं वाक्यें आम्ही वर्गांत चिरका आवाज काढून वाचीत असूं, आणि वर्ग हटकून हंसत असे. निबंधाचें पहिलें वाक्य मराठींत असें होईल: ‘सर हिबिन्सबाईचें बोलणें वाचतात तेव्हां सगळे हंसतात, मला हंसूं येत नाहीं, कारण आमच्याकडे अशा बाईला डाकीण म्हणतात.’

डाकीण म्हणजे काय हें धुळें-नंदुरबारकडील वाचकांस सांगावयास नको, इतरांसाठीं सांगतों. पाड्यावर मूल दगावलें, गुरें लागोपाठ मेलीं, कीं बडव्याकडे जावयाचें आणि त्यानें बोट दाखवावयाचें. तें बोट बहुधा एकट्या पडलेल्या बाईकडेच वळतें. तिच्या नांवावर शेताचा तुकडा असला तर अधिकच लवकर वळतें. मग मारझोड, गांवाबाहेर काढणें, कधीं जीव घेणेंहि. महाराष्ट्रांत २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे व त्यांत सात वर्षांपर्यंत कैद आहे. तरी गोष्ट समूळ गेलेली नाहीं. आपल्या आईची एक मावशी अशीच रातोरात गांव सोडून गेली, एवढें तिनें लिहिलें होतें. त्याहून अधिक आम्हीं विचारलें नाहीं.

तिचा आक्षेप असा: ग्रंथकारानें हेस्टरसाठीं अश्रु राखून ठेवले आणि हिबिन्सबाईसाठीं हंसूं. दोघीहि त्याच गांवानें वाळीत टाकलेल्या. पण एकीवर कादंबरी आणि दुसरी कादंबरींतील गंमत. रवींद्रनाथांनीं ऊर्मिलेचा पक्ष घेतला तेव्हां आम्हीं सर्वांनीं माना डोलविल्या होत्या. मात्र ऊर्मिला राजकुळांतील, तरुण आणि दुःखी. हिबिन्सबाई तोंडाळ म्हातारी. उपेक्षितांविषयींची आमची कणवहि पात्र निवडून घेते.

मग आम्हीं इतिहास काढून पाहिला. अॅन हिबिन्स ही खरोखरीची बाई. १६४० च्या सुमारास घराच्या कामाचे पैसे अधिक लावले म्हणून ती सुतारांशीं भांडली, आणि तें भांडण इतकें वाढलें कीं धर्मसंस्थेनें तिला बहिष्कृत केलें. नवरा सरकारदरबारीं वजनदार होता; तो असेपर्यंत याहून अधिक कांहीं झालें नाहीं. १६५४ मध्यें तो वारला आणि १६५६ मध्यें बोस्टनकरांनीं तिला चेटकीण ठरवून फांशीं दिलें. ज्या गांवानें हें केलें त्याच्या वेशीवर हार्वर्डचें विद्यालय वीस वर्षें चालूं होतें. बडव्यास आम्ही अडाणी म्हणून मोकळे होतों. बोस्टनच्या न्यायाधीशांस काय म्हणावें?

हॉथॉर्नला हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. त्याचा खापरपणजोबा जॉन हॅथॉर्न हा १६९२ च्या सेलम येथील चेटूक-खटल्यांतील एक न्यायाधीश. त्या खटल्यांत एकोणीस जणांस फांशीं दिलें. या कादंबरीच्याच प्रस्तावनेंत, पूर्वजांच्या कृत्याची लाज आपण आपल्या माथीं घेतों, असें तो लिहितो. तोच मनुष्य प्रस्तावना संपतांच म्हातारीला रानांत सैतानाकडे पाठवितो. अर्थात् तो स्वतः छातीठोकपणें कांहीं म्हणत नाहीं. ‘ही भेट खरी मानली तर’, ‘लोक सांगतात’ अशा पडद्याआडून तो बोलतो. आणि या संदिग्धतेची टीकाकारांनीं शंभर वर्षें वाखाणणी केली आहे. आम्हींहि केली आहे. विद्यार्थिनीनें त्यावर एकच वाक्य लिहिलें: ‘आमच्याकडेहि कोणी पाहिलेलें नसतें, सगळे “म्हणतात” एवढेंच म्हणतात.’ वाङ्मयांत जें सौंदर्य, तेंच पाड्यावर मारेकऱ्याचें हत्यार, हें आमच्या कधीं लक्षांत आलें नव्हतें.

तरी शिक्षकाचा स्वभाव. आम्हीं ग्रंथकाराचा बचाव करून पाहिला. आठव्या प्रकरणांत हिबिन्सबाई हेस्टरला रानांत बोलाविते. हेस्टर म्हणते, मला मुलीकडे पाहिलें पाहिजे. मुलगी हिरावून घेतली असती तर खुशाल आलें असतें. म्हणजे दोघींत अंतर काय तें एका मुलीचें; हिबिन्सबाई ही हेस्टरचीच दुसरी गति आहे, आणि ग्रंथकारास हेंच दाखवावयाचें आहे, असें आम्हीं तिला समजाविलें. तिनें ऐकून घेतलें आणि विचारलें, “म्हणजे जिला मूलबाळ नाहीं ती डाकीण, असेंच ना, सर?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

परंतु एका जागीं आम्ही अजून तिच्याशीं सहमत नाहीं. पुस्तक अन्यायाचें म्हणून मिटून ठेवावें, असा तिच्या निबंधाचा शेवट होता. बाविसावें प्रकरण पहा. निवडणुकीचा उत्सव आहे, मिरवणूक चालली आहे, धर्मोपदेशक देवदूतासारखा पुढें जात आहे आणि सारें गांव भारावलेलें आहे. तेव्हां मखमलीचा झगा घातलेली ही म्हातारी हेस्टरजवळ येऊन सांगते कीं, हा मनुष्य काय लपवितो तें मला माहीत आहे. गर्दी तिच्या वस्त्राचा स्पर्श चुकवीत मागें सरते. त्या संबंध गर्दींत खरें बोलणारी ती एकटी आहे! ज्याच्या हातून एवढें लिहिलें गेलें तो निव्वळ हंसत नव्हता. मात्र हें सत्य तिला सैतानाकडून कळलें असें त्यानें ठेविलें, आणि येथें विद्यार्थिनीचीच बाजू खरी ठरते. उपदेशकाचा हात सदा छातीशीं जातो, हें सात वर्षें सर्वांच्या डोळ्यांसमोर होतें. खिडकींत बसून गांव न्याहाळणाऱ्या म्हातारीस तें समजावयास सैतान कशाला हवा? तिला स्वतःचे डोळे आहेत, एवढें मान्य करणें ग्रंथकारास जड गेलें. आणि त्याच्या मागून आम्हां अध्यापकांसहि.

निबंध परत देतांना आम्हीं हें सर्व तिला सांगितलें. पुस्तक मिटण्याविषयींचें आपलें मत तिनें बदललें नाहीं; परंतु बाविसावें प्रकरण पुन्हां वाचीन, असें म्हणाली. पुढच्या आठवड्यांत वर्गांत तेंच प्रकरण आलें. हिबिन्सबाईचें बोलणें आम्हीं आमच्या नेहमींच्या आवाजांत वाचलें. मागल्या बाकावरचीं दोन मुलें संवयीनें हंसलीं, आणि मग इकडे तिकडे पाहून गप्प बसलीं.