मुक्यांची वकिली

१८ जून २०२५ रोजी सोलापूर येथे मारुती चितमपल्ली निवर्तले. त्यानंतर वृत्तपत्रांतून जे मृत्युलेख आले व ठिकठिकाणी ज्या शोकसभा झाल्या, त्यांत 'अरण्यऋषी' हे विशेषण बहुधा कोणीच वगळले नाही. एखाद्यास ऋषी म्हटले की हात जोडावयाचे आणि आपल्या वाटेने चालू लागावयाचे, ही आपली जुनी रीत आहे. आम्हांस मात्र त्या दिवसांत एक निराळाच प्रश्न सतावीत होता. या गृहस्थांनी आयुष्यभर पशुपक्ष्यांच्या वतीने लिहिले. त्यांच्या आधी व बरोबरीने आणखी काहींनी लिहिले. लोपत चाललेल्या प्राण्यांची ही जी वकिली मराठीत झाली, ती वकिली म्हणून कितपत उतरली? तिचे भाषासौंदर्य हा वेगळा विषय आहे व त्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे.

वकिली हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजीत आहो. वकिलास अशिलाविषयी कळवळा असला तर उत्तमच. पण कळवळा हा पुरावा नव्हे. अशील राहतो कोठे, खातो काय, त्याचे घर कोणाच्या जमिनीत आहे, हे त्यास ठाऊक असावे लागते. विरुद्ध पक्षाचे म्हणणेही ठाऊक असावे लागते, नाहीतर पहिल्याच उलटतपासणीत त्याची त्रेधा उडावयाची. मुक्या अशिलाच्या बाबतीत तर ही जबाबदारी दुप्पट होते, कारण तो स्वतः साक्षीस उभा राहू शकत नाही व वकील आपल्या नावाने भलतेच काही बोलत असला तरी त्यास अडवूही शकत नाही.

हा प्रश्न भंडारा जिल्ह्यास धरून विचारण्यास सबळ कारण आहे. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. तोवर नवेगावबांध काय आणि नागझिरा काय, सारे भंडाऱ्यातच मोडत असे. नागझिऱ्यास १९७० साली अभयारण्याचा आणि नवेगावास १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' या जिल्ह्याने दिले, चितमपल्लींचे 'नवेगावबांधचे दिवस' याच जिल्ह्याने दिले, आणि किरण पुरंदरे यांचे 'सखा नागझिरा'ही याच रानाचे. मुंबई-पुण्याच्या उशाशी असलेल्या कोणत्याही रानास मराठी लेखणीचे इतके प्रेम लाभल्याचे आम्हांस आठवत नाही. आणि त्याच मुलखात आज सारस पक्ष्याची काय अवस्था आहे? महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळजवळ याच टापूत उरला आहे. अलीकडच्या गणनांत आजच्या भंडारा जिल्ह्यातील सारसांचा आकडा एका हाताच्या बोटांत मावतो, आणि शेजारच्या गोंदियात तो पन्नाशीच्या आत आहे. मनुष्याएवढा उंच, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, राखी अंगाचा व तांबड्या मानेचा हा पक्षी. तो काही गवतात हरवून दिसेनासा होणारा क्षुद्र जीव नव्हे. तो नाहीसा होतो तो सर्वांच्या डोळ्यांदेखत.

साहित्यात सारसाची वकिली नवी नाही. वाल्मीकीच्या शोकाचा श्लोक ज्या क्रौंचाच्या वधाने झाला, तो क्रौंच म्हणजे सारसच होय, असे मत कित्येक विद्वानांनी साधार मांडले आहे. ते ग्राह्य धरले, तर आमच्या काव्याचा आरंभच एका पक्ष्याची बाजू घेण्यात आहे, असे म्हणावयास हरकत नाही. केवढी ही अभिमानाची गोष्ट! परंतु त्या प्रसंगाकडे पुन्हा एकदा पाहावे. तेथे पक्षी आहे, त्याची आक्रोश करणारी मादी आहे, कवी आहे, आणि निषाद आहे. निषादाच्या वाट्यास शाप येतो. त्याचे म्हणणे कोणी विचारीत नाही. त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली होती की नाही, हे आपणांस कधीच कळत नाही. महाकाव्याचा हा दोष आहे असे म्हणण्याचा अविचार आम्ही करणार नाही. पण पुढे प्राण्यांविषयी जे लिहिले गेले, त्याने हाच साचा निमूटपणे उचलला. एका बाजूस निष्पाप पाखरू, दुसऱ्या बाजूस पारधी, आणि मध्ये डोळे पुसणारा लेखक. निकाल आधीच ठरलेला.

याच्या अगदी उलट रीतीचे एक उदाहरण अनपेक्षित ठिकाणी सापडते. बादशहा जहांगीर याने सारसांची एक जोडी पाळली होती व त्यांस लैला-मजनू अशी नावे दिली होती. नावे ऐकून वाटते की आता प्रेमकहाणी ऐकावयास मिळणार. परंतु बादशहाने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले ते असे, की अंडी केव्हा घातली, ती उबवावयास नर व मादी आळीपाळीने कशी बसतात, पिले केव्हा बाहेर आली. शिकारीचा एवढा शौकीन पुरुष, पण पक्ष्यापुढे बसला तो कारकुनासारखा. वाल्मीकीचा शोक आणि जहांगीराची नोंद या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी मुक्यांच्या वकिलाने उभे राहावयाचे असते. आमचे लेखक बहुतकरून पहिल्या टोकाशीच उभे राहिलेले दिसतात.

सारसाविषयी नेहमी ऐकू येणारी गोष्टच घ्या. जोडीदार मेला की दुसरा अन्नपाणी टाकून प्राण सोडतो, म्हणून सारस हा एकनिष्ठेचा पुतळा. या समजुतीने एक मोठे काम केले, हे मान्य केले पाहिजे. तिच्यामुळे कित्येक गावांत सारसावर दगड उचलणे पाप मानले गेले. जोडी दीर्घकाळ टिकते हेही खरेच. परंतु एकटा उरलेला सारस पुन्हा जोडी जमवतो, असे अभ्यासकांच्या नोंदींत आढळते. मग या पक्ष्याचे मोल कमी झाले काय? ज्या लेखकास तसे वाटते, त्याचे प्रेम सारसावर नव्हे, पातिव्रत्याच्या आपल्या कल्पनेवर आहे, असेच म्हणावे लागेल.

माडगूळकर या मोहातून साफ सुटले. एके काळी बंदूक घेऊन रान तुडविलेला हा लेखक नागझिऱ्याच्या तळ्याकाठी जाऊन राहिला आणि जे दिसले ते त्याने लिहिले. पुस्तकात कथानक नाही, उपदेश तर नाहीच नाही. वानरटोळ्यांच्या सत्तेची कथा सांगणाऱ्या त्यांच्या 'सत्तांतर'ला १९८३ सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्यातही वानरांच्या क्रौर्यावर पांघरूण घातलेले नाही की त्यांस माणसाचे मोठेपण चिकटविलेले नाही. प्राण्यास प्राणी राहू देणे हा माडगूळकरांचा मोठा गुण, व वकिलीचा तो पाया होय. पण पाया म्हणजे घर नव्हे. 'नागझिरा' वाचून मध्यमवर्गीय वाचकास त्या रानात चार दिवस राहावेसे वाटते आणि पुष्कळजण राहूनही आले. रानाबाहेरच्या गावाकडे मात्र त्या वाचकाचे लक्ष जात नाही, कारण पुस्तकच रानाच्या वेशीशी संपते.

चितमपल्लींचे तसे नाही. ते वनखात्यातले, म्हणजे रान व गाव यांच्या तंट्यातच ज्याचे आयुष्य जाते अशा नोकरीतले. नवेगावात असताना त्यांस माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखा जाणकार सोबती लाभला, आणि तळ्याकाठच्या व रानातल्या लोकांकडून पाखरांची नावे, सवयी, वेळा त्यांनी एखाद्या शिष्याप्रमाणे वेचल्या. काकागार, सारंगागार, रातथारा असे शब्द त्यांनी मराठीच्या पदरात घातले. हे काम आम्हांस त्यांच्या कोणत्याही वर्णनाहून मोठे वाटते. ज्या वस्तूस भाषेत नाव नाही, ती गेली तरी भाषेस कळत नाही. ज्या झाडावर शेकडो बगळे घरटी करतात त्यास 'बगळे बसतात ते झाड' म्हणत होतो, तोवर ते तोडणारास आपण एक झाडच तोडले असे वाटे. 'सारंगागार' म्हटल्यावर निदान त्यास एक वस्ती उठविल्याची जाणीव होते.

तथापि एक न्यून सांगितल्यावाचून राहवत नाही. पाहिलेले व ऐकलेले यांची सीमारेषा चितमपल्लींच्या गद्यात अनेकदा पुसट होते. दंतकथा व प्रत्यक्ष नोंद एकाच मधुर स्वरात सांगितली जाते, आणि वाचक दोहोंसही सारखीच मान डोलावतो. वाङ्मय म्हणून यात गोडी आहे हे आम्ही जाणतो. आम्ही स्वतः ती चाखली आहे. पण उद्या तळ्याच्या रक्षणासाठी हीच पाने पुढे केली, तर समोरचा मनुष्य विचारील की यांतले तुम्ही स्वतः पाहिलेले कोणते? तेथे आपली जीभ अडखळते.

अलीकडच्या लेखनाविषयी फार लिहावे असे वाटत नाही. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' नावाचा वाघ उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या रानात गेला व एप्रिल २०१६ पासून त्याचा माग लागला नाही, तेव्हा मराठी-इंग्रजी पत्रांतून शाईचे पाट वाहिले. गाजलेल्या हिंदी चित्रपटातील नायकाचे नाव धारण केलेल्या त्या वाघास लेखकांनी चित्रपटातीलच भूमिका दिली. त्याचाच छावा 'श्रीनिवास' २०१७ साली नागभीडकडे, पीक राखण्यासाठी कुंपणात सोडलेल्या विजेने मेला. ते कुंपण का घालावे लागते, एका हंगामात रानडुकरे शेतकऱ्याचे किती नेतात, याची चौकशी करणारे लेख त्या मानाने थोडे. पुन्हा निषादाचे म्हणणे राहूनच गेले.

आणि सारसाच्या खटल्यात तर सारे काही या दुसऱ्या पक्षावरच अवलंबून आहे. वाघास रान आहे, रानास सीमा आहे, सीमेवर चौकीदार आहे. सारस रानात राहतच नाही. तो राहतो धानाच्या बांधीत, बोडीच्या कडेस, तलावाच्या उथळ पाण्यात, म्हणजे कोणाच्या तरी सातबाऱ्यावर. ऐन पावसाळ्यात, रोवणी आटोपून धान उभे राहत असता, तो बांधीतच गवतकाड्यांचा ढीग रचून दोनेक अंडी घालतो. बाकीचे महिने त्यास तलाव पोसतो. हे तलाव कोहळी लोकांनी बांधलेले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांचा, अशी परंपरा सांगते. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले व 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा तलाव' या काहीशा थट्टेच्या नावाने उरले. मालक गेला तसा गाळ काढणारा हातही गेला. कित्येक तलावांच्या काठी बेशरम माजली, देवधान मागे हटले. शेतात कीटकनाशके आली, वरून विजेच्या तारा गेल्या, आणि एवढ्या रुंद पंखांच्या पाखरास त्या तारा चुकविणे साधेना. गोंदियाची 'सेवा' ही संस्था वर्षानुवर्षे पहाटे उठून सारस मोजीत आली आहे, घरट्यांसाठी शेतकऱ्यांची मनधरणी करीत आली आहे. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची आपण होऊन दखल घेतली. म्हणजे खराखुरा खटला अखेर उभा राहिला. त्यात तारांचा प्रश्न निघाला, पाणथळींचा निघाला, गणनेचे आकडे पुढे आले. त्या कागदांत सौंदर्य नाही. पण अशील कोठे राहतो हे त्यांत आहे.

आमच्या वाङ्मयात ही बांधी कोठे आहे? रानाची पुस्तके आमच्याकडे आहेत. धुऱ्यावर उभे राहून लिहिलेले, एका बाजूस पाखरू व दुसऱ्या बाजूस कुणबी दोघेही दिसतील असे पुस्तक आम्हांस अजून वाचावयास मिळालेले नाही. पुरंदरे पुढे नागझिऱ्यालगतच्या पिटेझरी गावीच जाऊन राहिले. तेव्हा अशा पुस्तकाची आशा कोणाकडून धरावयाची, हे सांगण्याची गरज नाही.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही वैनगंगेच्या बाजूस एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावर उभे होतो. बांधीच्या मध्यभागी खाटेएवढी जागा दबलेली होती व तीत एक सारस बसून होता. दुसरा काही अंतरावर सावधपणे मान उंच करून उभा. आम्ही पुस्तकी उत्साहाने क्रौंचाची कथा सांगू लागलो. त्या गृहस्थाने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हटले, "पाखराले आमी कायले मारू जी? पन मोडला धान कोन भरून देते?" आम्हांस उत्तर सुचले नाही. दबलेल्या जागेत धान किती निघाले असते, हे आम्ही त्यासच विचारले. त्याने बोटांवर हिशेब केला, आकडा सांगितला, आणि मग आपण होऊन जोडले की त्या कोपऱ्यात निंदणाला माणसे या आठवड्यात पाठविणार नाही. निंदणाचे दिवस टळले म्हणजे तणाने आणखी काही पायल्या जावयाच्या, तेही त्याने हिशेबात धरले होते.