बांधावरचे पंच

भात कधीच घरात गेलेलं असतं. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली खाचरं मोकळी पडलेली असतात, आणि चैत्र-वैशाखात जत्रांबरोबर कुस्त्यांचे आखाडे लागतात. नांगरून, ढेकळं फोडून मऊ केलेल्या एका खाचरात दोघं लढतात आणि भोवतीच्या बांधांवर बसलेला गाव त्यांचा न्याय करतो. कुस्तीवर लिहिणारे पैलवानांवर लिहितात, ते योग्यच आहे. मला मात्र गोडी या बांधावरच्या बोलण्याची. त्यातही एक शास्त्र आहे, घराणी आहेत, आणि चांगला वाद रंगला तर तो हलगीसारखाच चढत जातो.

इथे दोन जातींची नजर शेजारी शेजारी बसते. एक इथल्या आगरी-कुणबी माणसाची, कबड्डीवर पोसलेली. दुसरी घाटावरून आलेल्यांची. खोपोलीत टाटांचं वीजघर 1915 साली सुरू झालं, पुढे कारखाने आले आणि सांगली, सातारा, सोलापूरकडची माणसं बोरघाट उतरून इथलीच झाली. कबड्डीवाला पाय बघतो: पट काढायला कोण आधी झेपावला, कुणाची पावलं जड पडायला लागली. घाटावरचा मान आणि मनगट बघतो. खडाखडी चालू असते, नवख्याला वाटतं अजून काहीच घडलेलं नाही, तोवर हा शेजाऱ्याला सांगून मोकळा, ‘डाव्या हाताचा पैलवान आहे, बघा आता.’ दोघांचं भाकीत बऱ्याचदा चुकतं. त्याने कुणाचं काही अडत नाही.

वादाचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत रसाळ विषय म्हणजे जोड. मोठ्या इनामाच्या कुस्त्या आधीच नेमलेल्या असतात, फोटोंसकट पत्रकावर छापलेल्या. खरी गंमत जागेवर लागणाऱ्या जोडींची. एखादं पोरगं लंगोट कसून आखाड्याला फेरी मारतं, निवेदक इनामाचा आकडा पुकारतो, पलीकडून कुणीतरी शड्डू ठोकतो. मग दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करतात आणि जाणती माणसं पुढे होतात. वजन काटा सांगेल, पण काटा इथे नसतोच. असते ती नजर. कान मोडलेले आहेत का? मान खांद्यात कुठे संपते? हा कुठल्या तालमीचा, गेल्या जत्रेत याने कुणाला मारलं? बारीक दिसणाऱ्या पोराचे कान चेचलेले असले, की समोरच्या गुटगुटीत पोराचा वस्ताद हळूच म्हणतो, ‘ही जोड नाही व्हायची.’ त्यात भित्रेपणा नसतो. बेजोड कुस्ती अर्ध्या मिनिटात संपते आणि तिच्यावर बोलायला काही उरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. चांगली जोड लावणारा माणूस सलामी होण्याआधीच निम्मी कुस्ती रचून ठेवतो, आणि त्याच्या नावाचा फलक मी अजून कुठे पाहिलेला नाही.

एका तालमीची दोन पोरं शक्यतो भिडवत नाहीत. भिडली, की बांधावरून ‘नुरा कुस्ती’, म्हणजे आधीच ठरवलेली, ही शिवी येतेच. मोठ्या मैदानांनी हा संकेत मात्र कधीच उलटवला आहे. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठी हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके लढले, दोघेही काका पवारांचे शिष्य. जिंकल्यावर हर्षवर्धनने शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. तीन वर्षांनी शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड, पुन्हा त्याच वस्तादांचे. शिवराजने एका मिनिटाच्या आत महेंद्रला चितपट केलं. रोज एकमेकांचं अंग ओळखणाऱ्यांची कुस्ती लांबेल असा सगळ्यांचा अंदाज. ती इतकी आखूड का झाली, यावर मी ऐकलेली सर्वांत चांगली मीमांसा खोपोलीच्या एका चहाच्या टपरीवरची होती: ओळखीत आधी कोण हात घालतो एवढंच उरतं.

दुसरा विषय रग. ताकद वेगळी, दम वेगळा आणि रग वेगळी, हे बांधावर पोरांनाही कळतं. दम संपल्यावर जे उरतं ती रग. या विषयावर खाशाबा जाधवांचं नाव आल्याशिवाय राहत नाही. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती ते हरले आणि सांगतात ते असं, की पुरेशी विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हपुढे उभं केलं गेलं. नियमावर बोट ठेवायला भारताचा कुणी अधिकारी तिथे हजर नव्हता. कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं पदक, आणि तरीही आमच्याकडे त्याचा उल्लेख हळहळीनेच होतो. खाशाबांची रग मोजायची तर जिंकलेल्या कुस्त्यांपेक्षा थकल्या अंगाने घेतलेली ती शेवटची सलामी मोजावी, असं मला वाटतं.

आता पंच. इथे सूर चढतात.

जत्रेच्या मातीत निकाल सगळ्यांना एकदम दिसतो. पाठ लागली, संपलं. नाही लागली, तर पंच दोघांचे हात वर करून बरोबरीत सोडवतात. गुण आले ते मॅटबरोबर: ताब्याचे दोन, रिंगणाबाहेर ढकलल्याचा एक, उचलून पाठीवर धोक्यात टाकलं तर चार. 14 जानेवारी 2023 ला पुण्यात कोथरूडला जे झालं त्याचं मूळ इथे आहे. माती विभागाची अंतिम लढत, सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड. सिकंदर मोहोळचा, कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडलेला, महेंद्र मंगळवेढ्याकडचा. महेंद्रने बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले आणि कुस्ती फिरली.

बाहेरची टांग नीट बघावी असा डाव आहे. समोरच्याचा दंड आणि मान आवळायची, आपला पाय त्याच्या पायाच्या बाहेरून रोवायचा आणि कंबर फिरवून त्याला त्या पायावरून ओढून न्यायचं. पडणाऱ्याला पडणं टळत नाही. कसं पडायचं एवढंच त्याच्या हातात असतं. तो हवेतच वळून कुशीवर जायला बघतो. जुन्या मातीत असा वळला की सुटला, आणि डाव मारणारा व सोडवणारा दोघांनाही शिट्ट्या. मॅटच्या नियमात मात्र पाठ जमिनीशी नव्वद अंशांपेक्षा कमी कोनात आली की धोका, आणि धोक्याचा भाव चार. सिकंदरचे चाहते म्हणाले, तो कुशीवर गेला. महेंद्रचे म्हणाले, पाठीवर. पायाखाली माती होती आणि डोक्यावर मॅटचं पुस्तक. बघणाऱ्यांचे डोळे मातीचे, देणाऱ्यांचा हिशेब मॅटचा. चार की दोन, यावर इतकी वर्षं बोलता येतं ते यामुळे. पंचांना फोनवरून धमकी गेल्याच्या बातम्या आल्या, ते मात्र रसिकाचं लक्षण नव्हे.

बॉक्सिंगवाल्यांची अवस्था याहून बिकट. 1988 ला सोलमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम लढतीत कोरियाच्या पार्क सी-हुनला बदडून काढलं आणि पाचपैकी तीन पंचांनी सामना पार्कला दिला. मग पंचांच्या हाती बटणं आली, पुढे तीही गेली. आमच्या कुस्तीत निदान गुण तिथल्या तिथे दिसतात, भांडण तिथल्या तिथे होतं.

कधी कधी ते पैलवानच करतात. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळशी लढताना पाठ टेकलीच नाही असा दावा करत शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड काही सेकंद बाकी असताना मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. (पुढच्याच महिन्यात दुसऱ्या कुस्ती संघटनेची महाराष्ट्र केसरी ‘कर्जत’ला झाली आणि वेताळ शेळकेने गदा घेतली. ते कर्जत अहिल्यानगरचं. आमच्या कर्जतला दिवाडकरांचा वडा मिळतो, गदा नाही.)

लाथेवर बांधावर दुमत नाही: लाथ ती लाथ. महेंद्रच्या निघून जाण्यावर मात्र दोन्ही नजरा अजून भांडतात. कबड्डीवाल्याच्या हिशेबी प्रश्नच नाही. रेषेबाहेर पाय गेला की गडी बाद, मग तो रागाने जावो की ढकलून. घाटावरचा म्हणतो, मातीत रेषा कसली? बाहेर गेले तर मधे आणून परत लावायचे. त्यावर पलीकडून विचारणा येते, ‘मंग तुमची कुस्ती संपाची कवा?’

दुपारी लागलेली एखादी जोड अंधार पडेपर्यंत नुसती मान दाबत उभी असलेली ज्याने पाहिली आहे, त्याला हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.